राणीच्या बागेतल्या ताई, आमच्या सातवीकडून आणि माझ्याकडून थँक्यू

ताई, नमस्कार.

तुमचं नाव टाकू का म्हणून विचारलं तर तुम्ही नको म्हणालात, म्हणून नुसतं ताई. पोरंसुद्धा हेच म्हणतात, राणीच्या बागेतल्या ताई. खरं तर व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकून आभार मानता आले असते, पण मला हे सगळ्यांसमोर लिहायचं होतं. इतर शाळांतल्या बाईंनी आणि सरांनीही वाचावं, कारण सहल नेणं वेगळं आणि सहलीत शिकवणं वेगळं हे मला नोकरीला १२ वर्षं झाल्यावर तुमच्यामुळे कळलंय.

पहिले आभार त्या बुधवारचे. सहलीसाठी मी तुम्हाला पहिला फोन केला तेव्हा आमचं सगळं ठरलेलं होतं, मंगळवारी रात्री चिपळूणहून तुतारी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी दादरला उतरायचं, तिथून लोकलने भायखळा, आणि तुम्ही म्हणालात बाई, बुधवारी बाग बंद असते. गुहागर तालुक्यातून ३१ मुलं नेऊन बंद गेटसमोर उभी राहिले असते तर पालकांना काय तोंड दाखवलं असतं. रिझर्वेशन एक दिवस पुढे ढकललं. आणि त्याच फोनवर तुम्ही विचारलंत, सातवीच्या विज्ञानात काय काय झालंय आतापर्यंत? सहलीच्या फोनवर असं कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. मी म्हटलं पहिलाच धडा आहे अनुकूलन आणि वर्गीकरणाचा, तो झालाय, प्रश्नोत्तरं सगळ्यांची पाठ आहेत. तुम्ही म्हणालात मग चार-पाचच प्राणी बघू, पण नीट बघू.

आता सांगते, तेव्हा मला ते पटलं नव्हतं. पालकांनी एवढे पैसे भरलेत, बऱ्याच मुलांची पहिलीच मुंबई, आणि चार-पाच प्राणी? पण दोन वर्षांपूर्वी एका दुसऱ्या ठिकाणी मुलांना नेलं होतं तिथे शिट्टी वाजवत चला चला करत पाऊण तासात सगळं उरकलं, माकडांना वेफर्स टाकणाऱ्या मुलांना कुणी अडवलं नाही, आम्ही शिक्षकांनीही नाही, आणि परत आल्यावर निबंध लिहायला दिला तर सगळ्यांचा एकच, वाघ बघितला, हरीण बघितलं, खूप मजा आली. ते आठवलं आणि मी तुम्हाला हो म्हटलं.

पेंग्विनच्या काचेसमोरचा तो अर्धा तास मी विसरणार नाही. आत गेल्या गेल्या पोरांचा पहिला प्रश्न, बर्फ कुठाय? तुम्ही सांगितलंत की हे हंबोल्ट पेंग्विन, २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले, आणि ह्यांचा बर्फाशी संबंधच नाही, ह्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा. किनाऱ्यावर वाळवंट पण समुद्र थंडगार, कारण दक्षिणेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो, म्हणून मासळी उदंड. आणि तिथे ते खातात काय, तर आपल्या मांदेलीच्या कुळातले मासे! मांदेली म्हटल्यावर आमची सगळी पोरं काचेला चिकटली. पेरू कुठे आणि आमचं बंदर कुठे, पण मांदेली म्हटल्यावर पेंग्विन एकदम ओळखीचा झाला.

मग तुम्ही विचारलंत, पाठ काळी आणि पोट पांढरं का? पाठांतरवाली मुलं गप्प, कारण हे गाईडात नव्हतं. आणि आमचा एक मुलगा, त्याचे बाबा बोटीवर खलाशी आहेत, पहाटे आईबरोबर लिलावाला जातो आणि मग वर्गात डुलक्या काढतो, तो म्हणाला, "बाई, ह्यो तं बांगड्यावानी हाय. वरनं काळा, खालनं चांदी." त्याला शाब्बास म्हणून तुम्ही पुढे गेला नाहीत. तुम्ही त्यालाच विचारलंत, बोटीतून खाली बघितलं की बांगडा दिसतो का रे? तो म्हणाला नाय, पाणी नुसतं काळं दिसतं, मासा आडवा फिरला की मग चमकतो. बरं, आणि खालून वर बघणाऱ्या मोठ्या माशाला? मग सगळेच एकदम बोलायला लागले, खालून वर बघितलं की उजेड दिसणार, त्यात पांढरं पोट कसं कळणार. म्हणजे वरून पक्ष्याला दिसू नये म्हणून काळी पाठ आणि खालून शत्रूला दिसू नये म्हणून पांढरं पोट, पेंग्विनचं पण तेच, हे तुम्ही सांगायच्या आधी पोरांनीच सांगितलं. अनुकूलन हा शब्द मी फळ्यावर पन्नास वेळा लिहिला असेल, त्या पोराला त्याचा अर्थ लहानपणापासून माहीत होता, मी कधी विचारलंच नाही. ताई, यासाठी मी तुमचे आभार मानावे तेवढे कमीच.

चितळांसमोर तुम्ही पेटीतून दोन शिंगं काढलीत तेपण सांगायलाच हवं. एक चितळाचं गळून पडलेलं, एक बैलाचं. हातात दिलीत आणि म्हणालात फरक सांगा. चितळाचं भरीव, हाडासारखं, बैलाचं आतून पोकळ, टोपीसारखं. मराठीत आपण दोन्हींना शिंगच म्हणतो पण चितळाचं म्हणजे निव्वळ हाड, ते गळतं आणि परत नवं येतं, बैलाचं म्हणजे आत हाड आणि वरून आपल्या नखासारखं आवरण, ते जन्मभर तेच. आमची एक मुलगी लगेच म्हणाली की आमच्या बैलाचं शिंग मोडलं तेव्हा रक्त आलं होतं, म्हणजे ते आतलं हाड! घरी जाऊन तिने आजोबांना हे समजावलं, आजोबांनीच मला सांगितलं.

वाघापुढे २० मिनिटं कागद घेऊन उभं राहायचं, दर मिनिटाला एक खूण, झोप, चाल, पाणी, वास घेणं. पहिली पाच मिनिटं चुळबूळ. शेवटी बहुतेकांच्या कागदावर सतरा-अठरा वेळा झोपच. सर हा नुसता झोपतो, अशी तक्रार आमच्या सरांकडे गेली, तर तुम्ही म्हणालात हेच तर तुम्ही शोधलंत, शिकार करणारा प्राणी दिवसा ताकद राखून ठेवतो. आणि एकीने विचारलं की त्याला कोंडून का ठेवलंय, तेव्हा तुम्ही विषय बदलला नाहीत. २०२० मध्ये वाघ-वाघिणीची ही जोडी औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आली, शिकार करायला आईने शिकवलेलं नाही, जंगलात सोडलं तर जगणं कठीण, हे सांगितलंत आणि वर म्हणालात, तुझा प्रश्न बरोबर आहे, तो विचारत राहा. मोठ्या माणसाने मुलीला असं उत्तर देताना मी फार कमी वेळा बघितलंय.

मगरीची ती तिसरी पापणी, पारदर्शक, पाण्यात गॉगल घातल्यासारखी, ती बघून आल्यापासून चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावरून एसटी गेली की पोरं मगर शोधायला खिडकीला!

आता इकडचं सांगते. तुमच्या त्या खुणा करायच्या कोऱ्या कागदाच्या आम्ही झेरॉक्स काढल्या. सुरूच्या बनात समुद्री गरुडाचं घरटं आहे, त्याच्यापासून लांब बसून मुलं २० मिनिटांच्या खुणा करतात. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली ती बातमी वर्गात वाचली, तर मुलांनी नकाशा काढून सुतळीने रस्ता मोजला, श्रीलंकेला वळसा घालून. मग एकाने विचारलं, वाळू गरम असेल तर कासवाच्या माद्या जास्त होतात, मग मगरीचं पण तसंच का? मला येत नव्हतं. रात्री नऊला तुम्हाला व्हॉइस नोट पाठवली आणि साडेनऊला तुमचं उत्तर आलं, की मगरीतही पिल्लू नर की मादी ते घरट्याच्या उबेवरच ठरतं पण हिशोब कासवापेक्षा वेगळा आहे, मधल्या तापमानाला नर जास्त. दिवसभर उभं राहून दमल्यावर सुट्टीच्या वेळेत कुणाच्या तरी शाळेला उत्तर द्यायचं तुम्हाला काही बंधन नव्हतं.

मार्चमध्ये इथे कासवांच्या हॅचरीतून पिल्लं समुद्रात सुटतात, सकाळी लवकर आणि संध्याकाळी, तेव्हा तुम्ही या. पोरांनी ठरवलंय की या वेळी फिरवायचं त्यांनी आणि ऐकायचं तुम्ही, कुणी काय सांगायचं ते वाटून पण झालंय. बांगडेवाल्याने समुद्राचा भाग घेतलाय. तुतारीचं उलटं तिकीट काढा, चिपळूणला पहाटे पोचाल, आमचे सर गाडी घेऊन येतील, जेवण माझ्याकडे.