दहा वर्षांचा दुभाष्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम लागला की बीड, आष्टी, पाथर्डीकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कर्नाटकातल्या चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरीच्या उसाच्या फडांत उतरतात. दीड-दोन महिन्यांत कोपीवरचे, म्हणजे मजुरांच्या झोपडीतले, आठ-दहा वर्षांचे पोर कानडी बोलू लागते आणि सगळे त्याचे कौतुक करतात. त्याचे बालपण मात्र तिथूनच सुटत जाते, कारण त्या दिवसापासून मोठ्यांच्या सगळ्या गोष्टी त्याच्या तोंडून जातात.

दवाखान्यात बाईला विचारतात, ‘मुट्टु यावाग आयितु?’ म्हणजे पाळी कधी आली. खेळताना कानडी उचललेल्या मुलाला ‘मुट्टबेड’, शिवू नको, एवढेच ठाऊक. तो आईला विचारतो, कोण शिवले? आई काय ते ओळखते, पण अंगावरून जाणे, दिवस गेल्याची शंका हे पोटच्या मुलापुढे बोलत नाही. अर्धेच दुखणे कळते आणि औषधही त्याचेच मिळते. दुभाषी मुलगी असेल तर सगळे सांगितले जाते, आणि ते सगळे तिला ऐकावे लागते.

गोळ्यांचेही असेच. ‘ऊट’ म्हणजे जेवण. नव्या कानाला ते ‘ऊठ’ वाटते आणि जेवणानंतरची गोळी पहाटे उपाशीपोटी जाते. जलसंजीवनीचे २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. कोपीत ते पेलाभर पाण्यात कालवले जाते. इतके खारट पाणी जुलाब लागलेल्या बाळाला घातक आहे. पाण्याची लिटरची रिकामी बाटली हातात देऊन ‘ही गळ्यापर्यंत भर’ एवढे सांगितले तरी चूक टळते.

सर्वांत वाईट फडावर घडते. खुशाली, म्हणजे तोडीबद्दल शेतकऱ्याकडून मिळणारे वरचे पैसे, मागायला पोरालाच पुढे करतात. शेतकरी चिडून जे बोलतो ते त्याला पुरते कळते, बापाला कळत नाही. बापाला किती सांगायचे हे मग पोरच ठरवते. शिव्या गाळते, कधी रक्कमही बदलते. खोटे बोलणे त्याला कुणी शिकवत नाही, भांडण टाळताना ते आपोआप जमते.

आमची विनंती साधी आहे. पाळी, बाळंतपण, मारहाण, उचलीचे (आगाऊ घेतलेले) पैसे यांचे बोलणे मुलाकरवी करू नका. या पट्ट्यात मराठी जाणणारी आशा किंवा परिचारिका बहुधा जवळपास असते. तिला बोलवा, पोराला बाहेर बसवा. गोळ्यांच्या पुडीवर भाकरी, सूर्य, चंद्र काढून द्या. शाळेत दाखल्यावाचून अडवू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश रोखता येत नाही, आणि कलम ४ प्रमाणे वयाजोगा वर्ग मिळतो. जवळ मराठी शाळा असेल तर ती टोळीला पहिल्याच आठवड्यात दाखवावी. आणि टोळी आणणाऱ्या मुकादमांनी उचल ठरवतानाच टोळीमागे कानडी येणारा एक मोठा माणूस धरावा, दुभाष्याचे काम पोरांच्या माथी मारू नये.

आपले,
ऊसपट्ट्यातील काही शिक्षक व आरोग्यसेविका
चिकोडी, जि. बेळगाव