कोंड्यावर कोंडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत केसांच्या निगेवरचा लेख वाचला. धानाचा कोंडा, संत्र्याची साल, कॉफीचा चोथा असा 'शेतातला कचरा' आता शाम्पूत आणि टाळूच्या सीरममध्ये जातो, त्यामुळे शेतकऱ्याचेही भले होते, असे त्यात होते. लेख वाचनीय आहे. माझी हरकत कचरा या शब्दाला आहे आणि ती मी आमच्या म्हशींच्या वतीने नोंदवते.

मी मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले. आता चार बांध्या धान आणि दोन म्हशी. धान भरडायला नेले की हलरवाला विचारतो, "मॅडम, कोंडा नेता का ठेवता जी?" ठेवला तर भरडाई माफ, नेला तर पैसे मोजा. म्हणजे आमच्याकडे कोंड्यावर व्यवहार चालतो. घरी आणलेला कोंडा ढेपेबरोबर भिजतो, उरलासुरला कोंबड्यांना. 'निजेला धोंडा, भुकेला कोंडा' म्हणणाऱ्या माणसांनी तो कधी उकिरड्यावर टाकला असेल, असे मला वाटत नाही. मोठ्या मिलचा स्वच्छ कोंडा तर तेलाच्या कारखान्यात जातो. क्विंटलभर धानामागे आठेक किलो निघतो आणि त्यात १५ ते २० टक्के तेल असते.

खरे टाकाऊ त्याच्या पुढे निघते. कच्चे तेल कॉस्टिक सोड्याने शुद्ध करताना साबणासारखा गाळ खाली बसतो आणि तेलातले ओरायझॅनॉल नावाचे औषधी द्रव्य बहुतेक त्या गाळाबरोबर निघून जाते. हे द्रव्य १९५४ मध्ये जपानमध्ये कोंड्याच्या तेलातून पहिल्यांदा वेगळे केले गेले. गाळातून ते परत काढता येते आणि त्यापासून फेरुलिक आम्ल करता येते, जे अतिनील किरणे शोषते आणि तेलाला खवट होऊ देत नाही. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा. लेखात मात्र या गाळाचे नावही नाही.

आता सुनेच्या बाटलीविषयी. मागच्या महिन्यात ती नागपूरहून २०० मिलीचा शाम्पू घेऊन आली, किंमत ४९९ रुपये, वर धानाच्या लोंबीचे चित्र. "आई, कोंड्यावर कोंडा लावायचा," म्हणाली आणि दोघी हसलो. मग मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली. ही सवय जात नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याहून कमी असलेले नंतर कसेही लिहिले तरी चालते. फिनॉक्सिइथेनॉल हे टिकवण्यासाठीचे रसायन एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. सुनेच्या बाटलीवर कोंड्याचा अर्क या फिनॉक्सिइथेनॉलच्याही मागे होता. म्हणजे फार तर एक टक्का, सबंध बाटलीत दोनेक ग्रॅम. तोही दोन मिनिटांत पाण्याबरोबर न्हाणीतून बाहेर.

यात एक गंमत आहे. टाळूवरच्या कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर असते. टाळूचे तेल ती लायपेज या विकराने (एन्झाइमने) फोडते, तिला हवी ती आम्ले खाते आणि ओलेइक आम्ल मागे ठेवते. ज्यांना ते सोसत नाही त्यांची टाळू खाजते, पापुद्रे सुटतात. (कोंडा झाला की तेल थापणाऱ्या आमच्या पिढीने हे लक्षात घ्यावे.) धानाच्या कोंड्यातही हाच प्रकार चालतो. तांदळावरचा थर सोलला गेला की त्यातले तेल आणि त्यातलेच लायपेज एकमेकांना भेटतात आणि काही तासांत तेल फुटू लागते. त्या तेलात ओलेइक आम्लाचाच वाटा मोठा, सुमारे ४० टक्के. चार दिवसांच्या कोंड्याला जो आंबूस-खवट वास येतो तो यामुळेच. म्हणून तेलवाले कोंडा लगेच उचलतात किंवा वाफेने तापवून ते विकर मारतात.

हे सांगायचे कारण शेजारची बारावीतली पोर. मोबाइलवर बघून तिने घरातला आठवड्याचा जुना कोंडा ताकात कालवला आणि डोक्याला चोळला, असे तीनदा. हलरच्या कोंड्यात तुसाचे तुकडे असतात आणि तुसात वाळूतली सिलिका. तिच्या केसांचा भांग पाडला तेव्हा टाळू लालभडक, मध्ये नखाने ओढल्यासारखे बारीक ओरखडे. शेवटी डॉक्टरांनी बुरशी मारणारा किटोकोनॅझोलचा शाम्पू दिला, आता बरी आहे. मोर्शी-वरूडकडच्या मंडळींनी संत्र्याच्या सालीबाबतही जपून असावे. सालीच्या तेलातले लिमोनीन हवेत जुने झाले की त्याचीच ॲलर्जी येऊ शकते.

राहिले शेतकऱ्याचे भले. आम्ही सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर धान विकतो, कोंडा नव्हे. सरकारी भरडाईत तांदूळ सरकारला जातो आणि कोंडा, तूस मिलवाल्याकडे राहते. त्याचा भाव दुप्पट झाला तरी आमच्या सातबाऱ्यावर त्याची खूण उमटत नाही, उलट म्हशीचा खुराक महागतो. अर्थात बाटलीत एकच टक्का जात असेल तर म्हशीच्या तोंडचा घास पळेल अशी भीती नाही.

मी अशा वस्तूंच्या विरोधात नाही. गाळातून औषधी द्रव्य निघत असेल तर ते काढणाऱ्याला माझा नमस्कार. पण लोंबीचे चित्र बाटलीच्या पुढच्या बाजूला छापता, तर किती टक्के तेही त्याच बाजूला, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावे. आणि आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी कंपनीला हा एवढा प्रश्न विचारूनच लिहावे.

सुनेची बाटली संपत आली. टाळूचा कोंडा आहे तेवढाच आहे. म्हशींचा मात्र काल संपला, उद्या हलरवर जायचे आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. मोहाडी, जि. भंडारा