ती गिटार हेन्लीची नव्हे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतली रॉकमधल्या वीस 'सर्वकालीन महान' गिटार सोलोंची (गाणारा थांबतो आणि गिटारच बोलते ते तुकडे) यादी काल सकाळी वाचली आणि चहा गार झाला. यादीवर राग नाही. याद्या भांडायलाच असतात. पण सातव्या क्रमांकावर 'हॉटेल कॅलिफोर्निया' आणि त्यापुढे चक्क 'गिटार : डॉन हेन्ली'!

अहो, डॉन हेन्ली त्या गाण्यात गायलाय आणि ड्रम त्याने वाजवलेत. शेवटच्या दोन मिनिटांतल्या दोन गिटारी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या. 'ईगल्स' या त्यांच्या बँडमध्ये दोन डॉन होते हे कबूल, पण म्हणून कोणाचंही कोणाच्या पदरात घालायचं? उद्या तबलजीच्या नावावर सनई खपवाल.

पहिल्या क्रमांकाबद्दल बोलत नाही. 'स्टेअरवे टू हेवन'ला वर बसवलं की कोणी काही म्हणत नाही, लग्नात मोठ्या मामांना पुढच्या खुर्चीवर बसवल्यासारखं. मात्र शेजारी दोन मानांच्या गिटारीचा फोटो टाकून खाली 'याच गिटारीवर' असं छापलंय. ती गिटार 'लेड झेपेलिन'च्या जिमी पेजने, म्हणजे हा सोलो वाजवणाऱ्याने, पुढे स्टेजसाठी घेतली, सहा तारांचं आणि बारा तारांचं काम एकाच गळ्यात व्हावं म्हणून. 1971 च्या रेकॉर्डवर तो सोलो वाजलाय टेलिकास्टर नावाच्या साध्या, एका मानेच्या गिटारीवर. असो, फोटो छान आला आहे.

खरं लागलं ते लेखाचं शेवटचं टोक. 'अस्सल सोलो त्या क्षणी सुचतो, उतरवून घेतलेली ती नक्कल', आणि लगेच, 'हे संगीत पुण्या-मुंबईपलीकडे कधी पोचलंच नाही'. पोचलं होतं, साहेब. पूर्ण नाही पोचलं, एवढंच.

1986 साली मी तेव्हाच्या औरंगाबादला शिकायला होतो. गुलमंडीच्या अंगाला एक दुकान कॅसेटी भरून द्यायचं. कागदावर गाणी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी न्यायला जायचं. माझी कॅसेट साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला तीस. दुकानदाराने 'हॉटेल कॅलिफोर्निया' पहिल्या बाजूच्या शेवटी कोंबलं आणि त्याचा हिशेब चुकला. गाणं आहे साडेसहा मिनिटांचं. गाणारा सव्वाचार मिनिटांच्या आसपास थांबतो, मग फेल्डर सुरू होतो, वॉल्श त्याला उत्तर देतो, दोघांची देवघेव रंगात येते आणि खट्ट! बटण वर. तक्रार घेऊन गेलो तर म्हणाला, "गाणं तर पूर्ण हाय की. नुसतं म्युझिक कटलंय." ही समीक्षा मला आपल्या लेखापेक्षा बरी वाटते. निदान गिटार कोणाची हे सांगायच्या भानगडीत तो पडला नव्हता.

ती कॅसेट मीटरगेजच्या गाडीने परभणीला आली. घरी टू-इन-वन होता. लाइट गेली की सेलवर चालायचा, आणि सेल उतरले की सगळं गाणं अर्धा सूर खाली यायचं. आमच्या गल्लीतल्या बेंजो पार्टीचा मास्तर ओट्यावर येऊन बसायचा. त्याला इंग्रजीचा गंध नाही, त्यामुळे गाणाऱ्याशी देणंघेणं नाही. गिटार सुरू झाली की मात्र विडी विझवून ऐकायचा. एक दिवस कॅसेट मागून घेऊन गेला आणि आठ दिवसांनी परत आला तो बेंजो घेऊनच.

ज्यांनी बेंजो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी : त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात. गिटारीवर बोटाने तार ओढून सूर चढवता येतो, तसा बटणांवर येत नाही. मास्तरने त्यावर तोड काढली होती. शेजारची दोन बटणं इतकी झरझर दाबायची की कानाने फसावं. आणि पट्टी? सेल उतरल्यावरची. तीच त्याला खरी वाटली होती.

पुढच्या मे महिन्यात मोंढ्यातून एक वरात निघाली. ताशा, ढोल, खुळखुळे आणि वर भोंग्यातून फेल्डर. पोरं नाचत होती. ठेका ताशाचा असला की वर कोण आहे हे कोणी विचारत नाही. मला तर अंगावर काटा आला. फेल्डर झाला, वॉल्श झाला, देवघेव सुरू झाली आणि मास्तरने एकदम हात उचलला. ताशेवाला चार ठेके एकटाच पुढे गेला. नवरदेवाचं घोडं बिचकलं. मग सरळ नागीण. रात्री विचारलं, मास्तर, मधेच थांबलात का? "भाऊ, पुढचं कॅसेटीतच नाई, मी कुठून आणू?"

पुढचं मी ऐकलं ते सात वर्षांनी, पुण्यात साडूंच्या घरी, सीडीवर. दोन्ही गिटारी जोडीने कडव्याच्याच आठ कॉर्डांवरून पायरी-पायरीने उतरत जातात, पुन्हा वर येतात, पुन्हा उतरतात. साडू जेवायला हाका मारत होते. मास्तर तोवर पार्टी मोडून नाशिककडं कुठं निघून गेला होता, त्याला हे सांगायचं राहिलं.

आता नकलेचं. आपल्या लेखकाला बहुधा ठाऊक नसावं म्हणून सांगतो. हा सोलो 1976 मध्ये मायामीच्या स्टुडिओत रेकॉर्ड होत होता. फेल्डर आणि वॉल्श नवीनच काही वाजवायला लागले तसं हेन्लीने (आला बघा हेन्ली, इथे येतो तो) त्यांना थांबवलं. डेमोवर, म्हणजे आधी करून ठेवलेल्या कच्च्या रेकॉर्डिंगवर, आहे तस्संच पाहिजे म्हणाला. डेमोची कॅसेट फेल्डरच्या घरी, कॅलिफोर्नियात. शेवटी फेल्डरने घरी फोन लावला, कामाच्या बाईंना कॅसेट शोधायला लावली, ती वाजवून रिसीव्हर समोर धरायला सांगितला आणि स्वतःचाच सोलो टेलिफोनवरून उतरवून घेतला. फेल्डरने कॅसेटवरून घेतला, आमच्या मास्तरने कॅसेटवरून घेतला. फरक इतकाच की फेल्डरची कॅसेट गुलमंडीला भरलेली नव्हती.

तीच गत तिसऱ्या क्रमांकावरच्या 'कम्फर्टेबली नंब'ची. लेखात तो 'एका श्वासात सुचलेला' म्हटलाय. तो वाजवणाऱ्या 'पिंक फ्लॉइड'च्या डेव्हिड गिलमोरने स्वतः सांगितलंय की त्याने पाच-सहा सोलो वाजवले, मग प्रत्येकातले बरे तुकडे खुणा करून निवडले आणि जोडले. आमच्याकडं याला गोधडी म्हणतात आणि थंडी पडली की आधी तीच काढतात.

तेव्हा दुरुस्ती छापावी ही विनंती. हेन्लीच्या जागी फेल्डर आणि वॉल्श अशी दोन्ही नावं घालावीत, एक घालून मोकळं होऊ नये. आणि त्या चौकटीत जागा उरली तर 'उत्तर पुढील रविवारी' म्हणून लटकवलेल्या शब्दकोड्याचं उत्तरही द्यावं. दोन रविवार गेले. आडवा चौदा अजून रिकामाच आहे.

आपला,
एक जुना वाचक, परभणी
(नाव छापू नये. साडू हेच दैनिक वाचतात.)