दारूला दोष दिला की दोघे सुटतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्ह्याच्या पानावर दर आठवड्याला एक तरी बातमी ठरलेली असते. दारूच्या नशेत मित्राच्या डोक्यात बाटली फोडली. गाडी आडवी घातली म्हणून चौघांनी मिळून एकाला तुडवलं. 'का बघतोस' म्हणून कोयता काढला. गाव बदलतं, चौक बदलतो, बाकी मजकूर तोच. वाचणारा 'दारू वाईटच' म्हणतो आणि पान उलटतो. मी साताऱ्यातल्या एका रुग्णालयाच्या अपघात विभागात बरीच वर्षं परिचारिका होते. या बातम्यांतली माणसं छापून येण्याआधी आमच्या टेबलावर आलेली असायची. त्या अनुभवावरून सांगते, सगळा दोष बाटलीवर टाकला की दोन माणसं अलगद सुटतात. एक मारणारा आणि दुसरा विकणारा.

मारणाऱ्याचं आधी बोलू. टाके घालत असताना नातेवाईक म्हणायचे, "मनानं वाईट नाही हो सिस्टर, जरा जास्त झाली होती." हे मारणाऱ्याचे लोक म्हणायचे तसे मार खाणाऱ्याचेही म्हणायचे. सकाळपर्यंत दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, एखादा सरपंच नाही तर नगरसेवक येऊन बसलेला असायचा. पोराला नोकरी लागायचीय, लग्न ठरलंय, मिटवून टाका. रात्री 'अमक्यानं मारलं' असं सांगणारा दुपारी 'जिन्यावरून पडलो' म्हणायचा. जबडा तारेनं बांधलेला माणूस कित्येक आठवडे पेजेवर काढतो. त्याचा रोजगार बुडतो, दातांचा खर्च त्याच्याच गळ्यात पडतो. मारणारा मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा दारूच्या त्याच टेबलावर बसलेला असतो.

कायद्यानं ही सबब कधीच मानलेली नाही. स्वखुशीनं प्यायलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती असं धरूनच त्याचा गुन्हा पाहिला जातो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हे कलम ८६ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २४ आहे. नकळत किंवा बळजबरीनं कुणी पाजली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे जी सबब न्यायालयात चालत नाही, ती आपण पारावर चालवून घेतो. याच सातारा जिल्ह्यात १९४३ नंतर प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, दारूबंदी राबवली. त्या काळी गावातली चार माणसं न्याय द्यायला बसत होती. आज ती प्रकरण दाबायला बसतात याचं मला फार वाईट वाटतं.

दारू काहीच करत नाही असं माझं म्हणणं नाही. मेंदूच्या पुढच्या भागात स्वतःला आवरण्याची, उद्याचा विचार करण्याची जी ताकद असते, ती दारूनं सगळ्यात आधी ढिली पडते. समोरचा धक्का, समोरची शिवी तेवढी मोठी दिसते आणि त्यापुढचं पोलीस ठाणं, घर, पोरंबाळं काही दिसत नाही. त्यातून आपल्याकडे प्यायची रीत म्हणजे रिकाम्या पोटी, घाईनं, आणि बहुतेक कडक दारू. पण आवर सुटला तरी हात कुणावर उचलायचा हे माणूस कुठं विसरतो? रिक्षावाल्यावर, हॉटेलातल्या पोऱ्यावर, गर्दीत एकट्या सापडलेल्यावर आणि घरी बायकोवर तो हात उचलतो. तोच माणूस पोलिसांची गाडी आली की हात जोडून उभा राहतो. मालकापुढं कितीही प्यायलेला असला तरी त्याचा आवाज चढत नाही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेलं देशव्यापी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. हे सगळे रस्त्यावर मारामाऱ्या करत असते तर देशात एक रात्र नीट गेली नसती. बहुतेक जण पितात आणि घरी जाऊन झोपतात. मारामारी करणारे असतात ते टोळक्यानं फिरणारे तरुण. त्यांना बघणारं कुणीतरी लागतं. दोस्तांसमोर माघार घेतली तर इज्जत जाते असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. रस्त्यात गाड्या लावून तलवारीनं वाढदिवसाचा केक कापणाऱ्या पोराला पिण्याआधीच आपण सांगितलेलं असतं की दहशत म्हणजे मान. पुढं दारू फक्त वेळ ठरवते. शेजारी उभा राहून मोबाइलवर चित्रण करणाराही त्या मारामारीत सामील आहे असं मी मानते.

जत्रेचं उदाहरण घ्या. पाटण, जावळीकडची कर्ती माणसं मुंबईला. गुढीपाडव्यानंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की ती घरी येतात. खिशात पैसा असतो, बांधाचं जुनं भांडण असतं, भाऊबंदकीतला सल असतो. वर्षभर हे सगळं दबलेलं असतं. तमाशाच्या नाही तर ऑर्केस्ट्राच्या रात्री मांडवामागं बाटल्या फुटतात आणि मग खुर्च्या उडतात. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात दारूनं घात केला. घात भांडण न मिटवल्यानंही केलेला असतो.

जाता जाता एक सांगते, कारण यानं जीव वाचू शकतो. एका बुक्कीनं माणूस सहसा मरत नाही. बुक्की खाऊन मागं कोसळताना त्याचं डोकं डांबरावर आपटतं आणि त्यानं तो जातो. प्यायलेल्याला पडताना हात टेकून सावरता येत नाही. अशा माणसाला 'झोपू दे, सकाळी उतरेल' म्हणून ओट्यावर निजवू नका. नशेची गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. हाक मारून नीट जागा होत नसेल, वारंवार उलट्या होत असतील, एक हात किंवा पाय लुळा वाटत असेल, तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. रात्रभर घरी झोपवून सकाळी आणलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तोवर फार उशीर झालेला असतो.

आता विकणारा. आपल्या राज्यात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, बिअरसाठी २१, शिवाय पिण्याचा परवानाही लागतो. मिसरूड फुटलेल्या पोराला काउंटरवर वय विचारलेलं आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे? विनापरवाना ढाब्यावर दारू पाजणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे आणि तिथं बसून पिणं कलम ८४ खाली. तरीही कोणत्या फाट्यावर 'बसायची सोय' आहे हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कारवाई होते ती थर्टी फर्स्टला किंवा निवडणुकीच्या तोंडावर. बाटली विकली, गल्ला बंद केला की दुकानदाराचा संबंध संपला, आणि त्यानंतर दारात जे घडतं त्याची कुणी नोंद करत नाही.

ही नोंदच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाचे जबड्याचे शल्यचिकित्सक आहेत. मारहाणीत जबडे फुटलेले रुग्ण शिवताना त्यांच्या लक्षात आलं की यातल्या बहुतेकांची पोलिसांत नोंदच नाही. मग अपघात विभागात प्रत्येक जखमीला विचारायला सुरुवात झाली: नेमकं कुठं मारलं, किती वाजता, कशानं. नाव-गाव काढून टाकून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेला दिली जायची. एकाच रस्त्यावर, एकाच दारूगृहासमोर सारखे प्रकार दिसले की तिथं गस्त वाढायची, मालकाला जाब विचारला जायचा, काचेच्या ग्लासांऐवजी न फुटणारे ग्लास यायचे. २०११ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तशाच इतर शहरांच्या तुलनेत मारहाणीमुळं रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण तिथं सुमारे ४२ टक्क्यांनी कमी आढळलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरानं २००८ मध्ये दारूगृहं बंद होण्याची पहाटेची वेळ अलीकडं आणली, तेव्हा रात्रीच्या मारामाऱ्या एक तृतीयांशाहून अधिक घटल्या. माणसं तीच होती, त्यांची पिण्याची आवडही तीच होती. बदलली ती वेळ आणि जागा.

साताऱ्यात हे करायला पैसा लागत नाही. मारहाणीची केस आली की एमएलसीचे, म्हणजे पोलिसांना कळवायच्या प्रकरणाचे, कागद भरावेच लागतात. त्याच वेळी एका वेगळ्या कागदावर चार प्रश्न टिपायचे: कुठं घडलं, किती वाजता, कशानं मारलं, शेवटची दारू कुठं घेतली. जिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करावी, मग कराड, फलटण, वाईची रुग्णालयं जोडावीत. महिन्यातून एकदा तो गोषवारा पोलीस, उत्पादन शुल्क विभाग आणि पालिकेपुढं ठेवावा. पोवई नाका, बसस्थानक, औद्योगिक वसाहत, वाढे फाटा, यवतेश्वर घाट, यातलं नेमकं कुठं आणि कधी घडतं हे तर्कानं न बोलता कागदावर दिसेल. रुग्णाचं नाव त्यात येता कामा नये, नाही तर लोक खरं सांगणार नाहीत. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे. 'नशेत' एवढ्यावर बातमी थांबवू नका. दारू कुठं मिळाली, विकणाऱ्याकडं परवाना होता का, पिणाऱ्याचं वय काय, हे विचारा आणि छापा.

सरसकट दारूबंदी करा, असं आमच्या महिला मंडळात अनेकजणी म्हणतात. त्यांचा संताप मला पूर्ण पटतो, उपाय पटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारनंच ती उठवली, अवैध विक्री फोफावल्याचं कारण देऊन. अंमलबजावणी करणारी यंत्रणा तीच राहिली तर बंदीनं फक्त विक्रीची जागा बदलते. ज्या गावात किंवा प्रभागात दुकानाचा त्रास आहे, तिथं मात्र बायकांच्या हातात हत्यार आहे. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावं लागतं, आणि एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, पडली तर दुकान बंद होतं. निम्म्याहून अधिक ही अट कठीण आहे, कारण घरी बसलेलं प्रत्येक मत दुकानाच्या पारड्यात जातं. म्हणून त्या दिवशी पुरुषांनीही मतदानाला यावं.

शिक्षेबद्दल थोडं. न्याय संहितेच्या कलम ३५५ मध्ये सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन गैरवर्तन करणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा देण्याची सोय आता आहे. ती वापरावी. पुन्हा पुन्हा सापडणाऱ्याकडून दारूबंदी कायद्याच्या कलम ९३ खाली चांगल्या वर्तनाचं बंधपत्र घेता येतं. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार, म्हणजे शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या कायद्यानुसार, न्यायालय दोषी ठरलेल्याला सोडताना दारूपासून दूर राहण्याची अट घालू शकतं. त्या अटीला उपचाराची जोड हवी. वर सांगितलेल्या सर्वेक्षणात दिसलं की दारूच्या विळख्यात सापडलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळतो. आपल्या साताऱ्यात तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्तीचं काम करतं आहे, पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे. डोक्यात टाके घालून रुग्णाला घरी सोडताना आम्ही त्याच्या हातात गोळ्यांची चिठ्ठी द्यायचो. त्याच चिठ्ठीमागं व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता लिहून द्यायला फार तर एक मिनिट लागतं. समुपदेशक रात्री हजर असेल तर आणखी बरं, कारण जखम ओली असताना माणूस ऐकतो. दोन दिवसांनी तो ऐकत नाही.

चैत्रातल्या जत्रांच्या बैठका गावोगाव आधीच सुरू होतात. वर्गणी किती, तमाशा कुणाचा यावर तासन् तास चर्चा होते. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी ठरवाव्यात असं माझं यात्रा कमिट्यांना सांगणं आहे. कार्यक्रम किती वाजता संपणार ते लेखी ठरवा. जत्रेच्या दिवशी आसपासची दुकानं बंद ठेवण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं वेळेत करा, दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली त्यांना तो अधिकार आहे. आणि बांधाचं, वाटणीचं जे भांडण गावात धुमसतं आहे, ते दोन्हीकडच्यांना पालखीआधी, दिवसाढवळ्या, शुद्धीवर असताना समोरासमोर बसवून ऐकून घ्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
गोडोली, सातारा