‘जनुक सापडले’ या बातम्यांविषयी

महोदय,

‘अमुक आजाराचे जनुक सापडले’ अशा मथळ्याच्या बातम्या वरचेवर वाचनात येतात. त्यामागचे संशोधन बहुधा खरे असते. वाचकाच्या मनावर ठसते ते मात्र खरे नसते, म्हणून हे पत्र.

फिनाइलकीटोन्युरिया हा विकार जनुकीय मानतात. प्रथिनांतील फिनाइलअ‍ॅलानिन या घटकावर प्रक्रिया करणारे विकर (एन्झाइम) अशा बालकांच्या शरीरात नीट काम करत नाही आणि तो घटक साठत गेल्याने मेंदूला इजा होते. परंतु जन्मतःच निदान होऊन आहारात त्याचे प्रमाण मर्यादित ठेवले, तर सदोष जनुक तसेच असूनही ही इजा टळते. आता अन्नात क जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा स्कर्व्ही पाहा. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. त्यासाठी लागणारे एक जनुक माणसात, अगदी प्रत्येक माणसात, निकामी आहे. तरीही स्कर्व्हीला कोणी जनुकीय आजार म्हणत नाही. दोन्हीकडे जनुक आणि अन्न एकत्र आल्याशिवाय आजार घडत नाही. एकीकडे सदोष जनुक विरळ असते, दुसरीकडे ते सर्वांचेच असते, एवढाच भेद. ‘जनुकीय’ हे विशेषण आजार कसा घडतो यापेक्षा माणसामाणसांत फरक कशामुळे पडतो, हे सांगते.

टक्केवारीचेही तसेच. ‘उंची 80 टक्के आनुवंशिक’ म्हणजे एखाद्याच्या उंचीचा चार-पंचमांश भाग जनुकांनी दिला, असे नव्हे. विशिष्ट लोकसमूहात, विशिष्ट परिस्थितीत, उंचीत जी तफावत आढळते तिचा तेवढा वाटा जनुकीय तफावतीशी जोडता येतो, इतकेच. विसाव्या शतकात जनुके जवळपास तीच असताना अनेक देशांत सरासरी उंची कित्येक सेंटिमीटरने वाढली, ती पोषण आणि आरोग्य सुधारल्यामुळे.

हंटिंग्टनच्या आजारात, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट होणाऱ्या एका विकारात, 1993 साली ओळखल्या गेलेल्या एकाच जनुकातील बिघाड पुरेसा ठरतो, हे मान्य. स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचे तसे नाही. तेथे शेकडो जनुकीय फरकांचा थोडाथोडा हातभार लागतो आणि जनुके जवळपास सारखीच असलेल्या समरूप जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला होत नाही. अशा आजाराच्या एखाद्या जनुकाला ‘कारण’ म्हटले, की रुग्णाच्या आईवडिलांना अकारण अपराधी वाटते, याचे मला फार वाईट वाटते.

तेव्हा विनंती अशी, की अशी बातमी देताना धोका कितीवरून किती वाढतो आणि अभ्यास कोणत्या लोकसमूहावर झाला, हे अवश्य छापावे. आजवरचे असे बहुसंख्य अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले असल्याने त्यांचे आकडे इतरांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

आपला,
एक वाचक