चंबळच्या कासवांबद्दल आम्हालाही विचारा

महोदय,

चंबळच्या साल कासवाच्या नराचे डोके विणीच्या हंगामात लालबुंद होते. गेली अनेक वर्षे आम्ही ग्वाल्हेरहून मुलांना घेऊन ते पाहायला नदीवर जातो. भारताच्या प्रस्तावावरून 2022 मध्ये पनामाच्या परिषदेत हे कासव वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'सायटीस' कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेले, म्हणजे त्याच्या व्यापारी आयात-निर्यातीला बंदी आली. निर्णय उत्तमच. पण आपले सरकार असा प्रस्ताव मांडणार आहे, हे मला परिषद झाल्यावर वर्तमानपत्रातून कळले!

भारत 1976 पासून या करारात आहे. परिशिष्टांतील दुरुस्तीचे प्रस्ताव सदस्य देशांच्या परिषदेच्या किमान 150 दिवस आधी सचिवालयाकडे द्यावे लागतात आणि एकमत न झाल्यास दोन तृतीयांश मतांनी निर्णय होतो. अमेरिकेत सरकार आपली भूमिका ठरवण्यापूर्वी राजपत्रात सूचना काढून नागरिकांची मते मागवते. आपल्याकडेही पर्यावरण मंत्रालयाने प्रस्तावांचा मसुदा हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांत आधी प्रसिद्ध करून निदान महिनाभर सूचना घ्याव्यात. वाळूत अंडी कुठे आहेत, जाळ्यात काय अडकते, हे नदीकाठच्या नावाड्याला दिल्लीतल्या अधिकाऱ्यापेक्षा आधी कळते. याच करारात येणाऱ्या शिसवी लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिरालाही बोलू द्यावे. नियमांची कागदपत्रे शेवटी त्यालाच भरावी लागतात.

2025 ची परिषद समरकंदला झाली. पुढच्या परिषदेसाठी हे आतापासूनच सुरू करावे.

– एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, लष्कर, ग्वाल्हेर