“घरातल्या प्रत्येकासाठी एकच गादी” म्हणून विकलेल्या मिडियम-फर्म हायब्रिड गादीबद्दल तक्रार

भांडुप (पूर्व), मुंबई
दि. १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ट्रायलच्या मुदतीत गादी परत न घेतल्याबद्दल आणि जाहिरातीतल्या चुकीच्या दाव्याबद्दल

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीची ८ इंची मिडियम-फर्म (ना फार टणक, ना फार मऊ) हायब्रिड गादी, म्हणजे खाली स्प्रिंगा आणि वर फोम असलेली, माप ७२ बाय ६०, आमच्या घरी १० मे रोजी आली. किंमत २८,९९० रुपये, सहा हप्त्यांवर. चौथा हप्ता परवाच कापला गेला. गादीबरोबर १०० रात्रींची ट्रायल आहे, आवडली नाही तर परत घेऊ, असं तुमच्या बिलावरच छापलेलं आहे. ४१ रात्री वापरून पाहिल्यावर २० जूनला मी परत घेण्याची विनंती नोंदवली. त्याला आज ५३ दिवस झाले. गादी अजून माझ्याच घरात आहे. आज सकाळपर्यंत ९४ रात्री झाल्या, म्हणजे ट्रायल अजूनही चालू आहे. शंभर रात्री उलटून जाव्यात आणि मग मला नाही म्हणावं, असं तर चाललेलं नाही ना, ही शंका मनात येते म्हणून हे पत्र सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी घरी ब्लाऊज शिवते, गेली २६ वर्षं. दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर वाकून बसल्यावर रात्री खांदे आणि मान भरून येतात. घर वन बीएचके. बेडरूममधल्या पलंगावर दिवसभर कुणी ना कुणी असतंच. रात्री मी आणि आमचे हे. मुलाची रात्रपाळी, तो सकाळी नऊला येऊन दुपारी तीनपर्यंत तिथेच झोपतो. चारनंतर सासूबाई कडेला बसून भाजी निवडतात, संध्याकाळी मी तिथे बसून हूक लावते. म्हणून तुमच्या वेबसाइटवरची ओळ मी दोनदा वाचली होती: “उताणे झोपा, कुशीवर झोपा, पालथे झोपा, घरातल्या प्रत्येकासाठी एकच गादी.” आम्हाला नेमकं तेच हवं होतं. त्या ओळीवर विसंबून आम्ही पैसे भरले.

ऑर्डर करण्याआधी मी तुमच्या ठाण्याच्या शोरूममध्येही जाऊन आले. पाच मिनिटं उताणी पडून पाहिलं, बरं वाटलं. तिथल्या मुलाने किंमत सांगितली, ऑफर सांगितली, हप्ते सांगितले. झोपणाऱ्यांची वजनं किती, कोण कसं झोपतं, गादी कसल्या पलंगावर घालणार, यातलं एकही विचारलं नाही. माझ्याकडे बाई ब्लाऊज शिवायला आली की छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाहीचा घेर घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. सासूबाई सांगतात, त्यांच्या चाळीत पिंजारी यायचा तोसुद्धा आधी विचारायचा की गादी कुणासाठी आहे, आणि त्या हिशेबाने कापूस कमी-जास्त भरायचा.

आता घरात काय झालं ते सांगते. गादी सगळ्यांनाच वाईट ठरली असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. ह्यांचं वजन ७४ किलो आणि ते रात्रभर उताणे झोपतात. त्यांना ही गादी फार मानवली. पाठीच्या खालच्या खळग्यात हात घालून पाहिला, तर हात जेमतेम शिरतो, मधे पोकळी राहत नाही आणि कंबरही रुतत नाही. पहाटे पाचच्या लोकलसाठी ते उठतात तेव्हा मला कळतही नाही. आमच्या जुन्या स्प्रिंगच्या गादीत सगळ्या स्प्रिंगा एकमेकींत अडकवलेल्या होत्या, एक जण हलला की दुसरा हलायचा. तुमच्या गादीत प्रत्येक स्प्रिंग स्वतःच्या कापडी पिशवीत आहे, त्यामुळे एक दबली तरी शेजारची दबत नाही. हे काम तुम्ही चांगलं केलं आहे.

माझं वजन ५१ किलो आणि मी कुशीवर झोपते. दुसऱ्याच आठवड्यापासून पहाटे उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायला लागली. खांदा आणि खुबा दोन्ही ठणकायचे. उताणं झोपलं की वजन सगळ्या पाठीवर पसरतं, कुशीवर ते खांदा आणि खुबा या दोन अरुंद जागांवर येतं. तेवढे दोन भाग आत गेले तरच कणा सरळ राहतो. माझ्या वजनाने तुमचा वरचा फोम थोडा दबतो आणि खालच्या स्प्रिंगा जवळजवळ तशाच राहतात, म्हणून खांदा आत जातच नाही.

फोनवर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “मॅडम, हे तुमचं फीलिंग आहे.” म्हणून मी मोजून पाहिलं. कुडत्याच्या पाठीवर मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यावर बोटं फिरवत टेलरच्या खडूने नऊ खुणा केल्या, नेहमीसारखी कुशीवर झोपले आणि मुलाला मागून मोबाइलवर फोटो काढायला सांगितला. तुमच्या गादीवर खांद्याजवळच्या तीन खुणा वर उचललेल्या आहेत आणि कमरेजवळ रेघ खाली लोंबते. मग तीच गादी, वर आमची जुनी कापसाची गोधडी दुहेरी घालून फोटो काढला. रेघ बरीचशी सरळ आली. दोन्ही फोटो सोबत जोडले आहेत. खुणा पुसलेल्या किंवा हलवलेल्या नाहीत, कुडता माझ्याकडे तसाच घडी करून ठेवला आहे.

मुलाचं उलट आहे. त्याचं वजन ९८ किलो आणि तो लहानपणापासून पालथा झोपतो. पालथं झोपणाऱ्याच्या शरीराचा सगळ्यात जड भाग मधे येतो, तो खाली गेला की कंबर धनुष्यासारखी उलटी वाकते. त्याला गादी जास्त टणक लागते. तो मे महिन्यात भर दुपारी, फक्त पंख्याखाली झोपत होता. तुमच्या वरच्या थरात मेमरी फोम आहे आणि मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो, गारव्यात कडक राहतो. शोरूममध्ये एसी लावून दाखवलेली गादी आणि मुंबईच्या मे महिन्यातली गादी एकसारखी लागणार नाही, हे तुमच्या लोकांना माहीत असायला हवं. तीन आठवड्यांत त्याची कंबर धरली. आता तो हॉलमध्ये खाली सतरंजी आणि कापसाची गादी घालून झोपतो. रात्रभर उभं राहून काम करून आलेल्या मुलाला जमिनीवर पडलेलं पाहून मला फार वाईट वाटतं, कारण गादी घ्यायचा आग्रह माझा होता.

म्हणजे एकच गादी मला कडक, मुलाला मऊ आणि ह्यांना बरोबर. हे काही अघटित नाही. वजन आणि झोपायची ढब बदलली की तीच गादी वेगळी लागते. तुम्ही गाद्या बनवणारे, तुम्हाला हे माझ्याआधी ठाऊक आहे. माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ठाऊक असून तुम्ही “प्रत्येकासाठी” लिहिलंत.

त्याच ओळीखाली “वैद्यकीय संशोधनाने सिद्ध” असंही आहे. कुठलं संशोधन, ते लिहिलेलं नाही. मुलाने शोधलं तेव्हा २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला स्पेनमधला अभ्यास सापडला. कंबरेच्या जुनाट दुखण्याच्या ३१३ लोकांना टणक किंवा मिडियम-फर्म गादी देऊन ९० दिवस पाहिलं, त्यात मिडियम-फर्मवाल्यांना जास्त आराम पडला. चांगला अभ्यास आहे. पण तो कंबरदुखीच्या लोकांवर होता आणि तुलना फक्त या दोन प्रकारांची होती. कुशीवर झोपणाऱ्या हलक्या बाईच्या खांद्याचं काय होतं, याचं उत्तर त्यात नाही, आणि त्यातल्या गाद्या तुमच्या नव्हत्या. शिवाय तुम्ही टणकपणा “१० पैकी ६.५” असा लिहिता. त्या अभ्यासातल्या युरोपियन मोजपट्टीवर १ म्हणजे सगळ्यात टणक आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ, तुमच्या मोजपट्टीवर त्याच्या बरोबर उलट. मग ६.५ हा आकडा कुणी, कसा मोजला? मी तीन वेळा विचारलं, उत्तर आलं नाही. फोमची घनता किती आणि प्रत्येक थर किती जाडीचा, याचंही उत्तर नाही.

कडेबद्दल थोडक्यात लिहिते. सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत. त्या कडेला बसल्या की कड खाली जाते आणि त्या पुढे घसरतात. एकदा उठताना तोल गेला, मी समोर होते म्हणून धरलं. हायब्रिड गादीत कडेने जाड तारेच्या स्प्रिंगा किंवा टणक फोमची चौकट घालतात, तशी तुमच्यात आहे का? मुंबईतल्या छोट्या घरात पलंग म्हणजेच बसायची जागा. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून मी टेपने मोजलं, बसायच्या जागी १७ मिलिमीटर खड्डा आहे. तुमच्या वॉरंटीत २५ मिलिमीटरच्या पुढचाच खड्डा धरतात, म्हणून वॉरंटीचा दावा मी करत नाही. मी ट्रायलखाली परतावा मागते आहे, आणि त्यासाठी दोष दाखवावा लागेल असं बिलावर कुठेही लिहिलेलं नाही.

आता तुमची उत्तरं. पहिल्यांदा सांगितलं की शरीराला सवय व्हायला ३० रात्री द्या. मी ४१ दिल्या होत्या. मग सांगितलं की मूळ खोका आणि प्लॅस्टिक हवं. ही गादी कारखान्यात यंत्राने दाबून, गुंडाळून आली होती. उघडल्यावर ती फुगली, आता चार माणसांनीही ती परत त्या खोक्यात जाणार नाही. १६ जुलैला तुमचा माणूस पाहायला आला, त्याने गादी उलटी केली आणि खालच्या कापडावर तळहाताएवढा करडा डाग दाखवला. दोन दिवसांनी ईमेल आला: “अयोग्य वापरामुळे डाग, परतावा नामंजूर.”

तो डाग बुरशीचा आहे. आमचा पलंग पेटीचा, वर सलग प्लायवूड, मुंबईत घरोघरी असतो तसा. जूनपासूनची दमट हवा, वर झोपणाऱ्याच्या अंगाची ऊब आणि खालून हवा जायला जागा नाही. तुमच्या पानावर “कोणत्याही पलंगावर चालेल” असं आहे. फळ्यांमध्ये फट असलेला पलंग लागतो, किंवा पावसाळ्यात गादी उभी करून वारा द्या, एवढं एक वाक्य तुम्ही छापलं असतं तर मी ते पाळलं असतं. आणि ही विनंती मी २० जूनला केली होती. तुम्ही तेव्हाच गादी नेली असती तर भर पावसाळ्यातले आणखी सव्वीस दिवस ती त्या प्लायवूडवर राहिली नसती.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. मला पोच नवव्या दिवशी मिळाली. माझी मागणी अशी आहे की तुम्ही गादी घेऊन जावी, भरलेले चारही हप्ते परत करावेत आणि राहिलेले दोन रद्द करून तसं लेखी द्यावं. दुसरं, “प्रत्येकासाठी एकच गादी” ही ओळ पानावरून काढावी आणि कुठल्या वजनाच्या, कशा झोपणाऱ्या माणसाला ही गादी जमेल ते तिथे स्पष्ट लिहावं. ह्यांच्यासारख्या उताण्या झोपणाऱ्यांना ती जरूर विका. माझ्यासारखी बाई हप्त्यावर २८,९९० रुपये काढते तेव्हा तिला हे आधी कळायलाच हवं.

२२ ऑगस्टपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो तिथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिली आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. बिल, हप्त्यांच्या नोंदी, तुमचे ईमेल, खडूच्या खुणांचे दोन फोटो आणि डागाचा फोटो सोबत आहेत.

गादी सध्या भिंतीला उभी करून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे, रोज दुपारी तिला पंखा लावते. ती न्यायला माणसं पाठवाल तेव्हा दोघं पाठवा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आहोत, लिफ्टमध्ये ती मावत नाही, जिन्यानेच उतरवावी लागेल. दुपारी चारनंतर यावं. तोपर्यंत मुलगा हॉलमध्ये दाराशीच झोपलेला असतो.

आपली,
एक ग्राहक
(नाव, फोन आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत.)